पाच मुलांचे घर आणि उघडी वही

सकाळी सव्वापाचला कणीक मळायला घेताना मी रोज मनात एकदा मोजणी करते. थोरलीच्या डब्यात तीन पोळ्या, दोघा मुलग्यांच्या डब्यांत चार-चार, जुळ्या बहिणींच्या डब्यांत दोन-दोन, आम्हा नवरा-बायकोच्या डब्यांत तीन-तीन, आणि वर्गात कोणीतरी डबा विसरून आलेले असते म्हणून वर दोन, अशा २३ पोळ्या. सासूबाई पोळी खात नाहीत; त्यांची भाकरी त्या अजून स्वतः थापतात. या २३ पोळ्यांना पाऊण किलोच्या आसपास कणीक लागते. पाहुणेरावळे नसतील तर महिन्याला २५ किलो गहू, १२ किलो ज्वारी आणि रोजचे तीन लिटर दूध हा आमचा शिरस्ता आहे. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर आमच्याकडे १८-१९ दिवस चालतो, आणि तोही आंघोळीचे पाणी गच्चीवरच्या सौर बंबात तापते म्हणून.

मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, यजमानांचे नळ-पाइपांचे दुकान आहे. "पाच मुले कशी सांभाळता हो?" हा प्रश्न मला पतसंस्थेच्या काउंटरवर, लग्नकार्यात, शाळेच्या पालकसभेत सतत विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कामाचे डोंगर उभे असतात. काम पुष्कळ आहे हे खरेच. पण काम मोजता येते, आणि जे मोजता येते ते आठ माणसांत वाटून घेता येते. मला जड गेली ती मुलांमधली वाटणी. पाच मुले एका छपराखाली वाढतात तेव्हा प्रत्येक मूल आतल्या आत काहीतरी मोजत असते: कोणाला किती वाढले, कोणासाठी किती खर्च झाला, कोणाजवळ आई किती वेळ बसली. हा हिशेब मुले बोलून दाखवत नाहीत, पण तो कधी चुकत नाही. तो कसा हाताळायचा हे मला चार वर्षांत थोडेफार समजले आहे, आणि त्याविषयीच लिहायचे आहे.

आमची स्वतःची मुले दोनच, थोरली मुलगी आणि तिच्यापाठचा मुलगा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे धाकटे दीर आणि जाऊबाई आठ दिवसांच्या अंतराने गेले. त्यांचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि जुळ्या मुली चार वर्षांच्या. त्या दिवसांविषयी मी इथे अधिक लिहिणार नाही. मुले आमच्याकडे आली, कारण ती आमचीच होती. यात निर्णय घेण्यासारखे काही नव्हते. आज थोरली बारावीला आहे, मधला नववीला, पुतण्या आठवीला आणि जुळ्या तिसरीला. पुतण्या मला पूर्वीपासून म्हणत होता तसेच "मोठी आई" म्हणतो. जुळ्यांनी पहिल्या वर्षातच केव्हातरी "मोठी" गाळले आणि त्या नुसते "आई" म्हणू लागल्या. दोन्ही हाका घरात शेजारी-शेजारी नांदतात. कोणाला काय म्हणायचे हे आम्ही कोणीही कोणाला सांगितले नाही.

मोठे कुटुंब चालवताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आजूबाजूचे सगळे जग चार माणसांच्या मापाने शिवलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातला एकूण जननदर १.७ आला, म्हणजे सरासरी दोन मुलेही नाहीत. मग घरे, गाड्या, उपाहारगृहातली टेबले त्याच मापाची असणार. रिक्षात तीनच प्रवासी बसवायचे असतात, म्हणून आम्हाला तीन रिक्षा लागतात. मी लहान असताना गावच्या शाळेच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि "हम दो, हमारे दो" रंगवलेले असे. ते वाक्य चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, मी स्वतः ते पाळलेही होते. मात्र पाच मुलांना घेऊन रस्त्याने चालताना लोक वळून पाहतात, आणि त्या नजरेचा अर्थ मुलांना कळतो. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला कारण सांगत बसायची. एकदा पुतण्याने माझा हात घट्ट दाबला, तेव्हापासून सांगणे बंद केले. आता कोणी विचारले तर "पाच मुले आहेत आम्हाला" एवढेच माझे उत्तर असते.

आमच्या मापाला पुरी पडते ती एसटी. मागच्या उन्हाळ्यात लग्नासाठी कोल्हापूरला जायचे होते, तेव्हा मुलांनीच कागदावर हिशेब मांडला. सासूबाई ७५ वर्षांवरच्या, म्हणून त्यांचा प्रवास मोफत. मी आणि थोरली, महिलांच्या सवलतीमुळे अर्धे-अर्धे तिकीट. जुळ्या बारा वर्षांच्या आतल्या, म्हणून त्यांचेही अर्धे-अर्धे. यजमान आणि दोघे मुलगे पूर्ण. आठ माणसे पाच तिकिटांत कोल्हापूरला गेली आणि आली. पुतण्याला नुकतेच तेरावे लागले होते आणि आपले पूर्ण तिकीट फाडले गेले याचा त्याला इतका अभिमान वाटला, की ते तिकीट त्याने कंपासपेटीत जपून ठेवले.

घर राजवाड्याच्या वरच्या अंगाला आहे, जुने, खाली तीन खोल्या, वर अर्धी गच्ची आणि पत्र्याची एक खोली. न्हाणीघर एकच. थोरलीचा क्लास साडेसहाला, जुळ्यांची शाळा सव्वासातला, मुलग्यांची पावणेअकराला, त्यामुळे आंघोळीचा क्रम आपोआप ठरला आणि गेली चार वर्षे तो मोडलेला नाही. सासूबाई पाचला, थोरली साडेपाचला, मी तिच्यानंतर, जुळ्या सव्वासहाला एकत्र, मग यजमान, आणि आठनंतर मुलगे. मुलग्यांच्या वाट्याला सौर बंबातले उरलेले पाणी येते, पावसाळ्यात ते कोमट असते. त्याची भरपाई म्हणून पावसाळाभर शनिवारी, सगळ्यांना सुट्टी असताना, पहिली आंघोळ मुलग्यांची असते. ही भरपाई मधल्याने मागितली होती आणि ती योग्य होती.

न्हाणीघराबाहेर पाच खिळे आहेत आणि पाच रंगांचे पंचे: थोरलीचा निळा, मधल्याचा हिरवा, पुतण्याचा लाल, जुळ्यांचे गुलाबी आणि जांभळा. हे रंग हौसेने आलेले नाहीत. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा आमच्याकडे ती एका जुळीपासून सुरू झाली आणि अकरा दिवसांत सासूबाई सोडून सात जणांना होऊन गेली. रात्री रांगेने पाच मुलांच्या डोळ्यांत थेंब घालताना एकदा मी कोणाला घातले आणि कोणाला नाही हेच विसरले. तोवर पंचे सगळ्यांचे पांढरे होते आणि जो हाताला लागेल तो वापरला जाई. साथ ओसरल्यावर पहिल्याच रविवारी रंगीत पंचे आणले. तेच रंग पुढे पाण्याच्या बाटल्यांना, डब्यांच्या झाकणांवरच्या चिकटपट्टीला आणि कपड्यांच्या घड्यांना लागले. आता उशीच्या अभ्र्यावर कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका असतो, तो थोरलीने घातलेला आहे. मोठ्या घरात आजारपण एकट्याने येत नाही. सर्दी असो, पोट बिघडणे असो, की केसांत उवा होणे, एकाला झाले की पाचांना झाले असेच धरून चालावे लागते. रविवारी दुपारी गच्चीवर मुलींच्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवण्याचा कार्यक्रम असतो आणि तो टळला की पुढचे तीन आठवडे त्रास होतो.

रंगांचा सर्वांत चांगला उपयोग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर झाला. आमच्याकडे पूर्वीपासून त्याच्या चौकोनांत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख आणि एकादशीचे फराळ एवढेच लिहिले जाई. मुलांच्या तारखा माझ्या डोक्यात असत. जुळ्यांचे लसीकरण, मधल्याची चष्म्याची तपासणी, पुतण्याची शिष्यवृत्ती परीक्षा, थोरलीच्या क्लासचा हप्ता, सहलीचे पैसे, वहीला लावायचे तपकिरी कागद, असे पाच मुलांचे पंचवीस तुकडे मी रात्री अंथरुणावर पडल्यावर एकेक आठवून पाहत असे. एका रात्री यजमानांनी विचारले, "तू झोपत का नाहीस?" मी आठवत होते ते सगळे मोठ्याने म्हणून दाखवले. ते उठून बसले. घरात ते पुष्कळ काम करत. भाजी आणणे, कपडे वाळत घालणे, रात्रीची भांडी घासणे ही कामे त्यांचीच होती. पण काम सांगावे लागत होते, आणि आठवणीत ठेवण्याचा सगळा भार माझ्यावर होता हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच रंगांची स्केचपेने आणून कालनिर्णयच्या खिळ्याला दोरीने बांधली. आता ज्याची तारीख त्याने शाळेतून आल्याबरोबर आपल्या रंगात लिहायची. रविवारी रात्री जेवणानंतर यजमान पुढचा आठवडा मोठ्याने वाचतात आणि कोणी कोणाबरोबर जायचे ते तिथेच ठरते. जे चौकोनात लिहिलेले नाही त्याची जबाबदारी ज्याने लिहिले नाही त्याची, हा नियम थोरलीला आणि मुलग्यांना लागू आहे, जुळ्यांना अजून नाही.

आता वाटणीविषयी. पहिली अडचण तुपावरून आली. सासूबाई रात्री वाढायला बसत आणि पुतण्याच्या आणि जुळ्यांच्या भाकरीवर दोन-दोन चमचे तूप पडे, आमच्या दोन मुलांच्या भाकरीवर एक-एक. माझ्या लक्षात आले होते, पण मी मुद्दाम तिकडे पाहत नसे. मधला एके दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, मला तूप नको आहे. पण आजी मला मोजून देते." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दुःख होते. मी सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, त्या लेकरांच्या ताटात आईच्या हातचं तूप पडायचं न्हाई आता. म्या न्हाई वाढायचं, तर कुणी वाढायचं?" मला पटकन उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्यांना एवढेच म्हटले, "आई, तुम्ही वाढा, तुम्हीच वाढायचं. पण आपण जास्तीचं तूप वाढलं, की ती तिघं या घरातली पाहुणी होतात. पाहुण्याला जास्त वाढतात." त्या दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचही भाकऱ्यांवर दीड-दीड चमचा तूप घातले. आणि त्या तिघांना रात्री जवळ घेऊन त्यांच्या बाबांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली: तो विहिरीत पोहायला कसा शिकला, शाळेतून पळून रानात कसा गेला, लग्नात त्याने फेटा तीनदा कसा सोडवला. त्या गोष्टी त्या तिघांच्या आहेत. आमची दोघे तेव्हा तिथून उठून जातात, त्यांना कोणी सांगितलेले नाही.

त्यावरून मला एक गोष्ट समजली. पाच मुलांना सगळे सारखे देता येत नाही आणि देऊही नये. कोणाला चष्मा लागतो, कोणाला क्लास लागतो, कोणाला आजीजवळ अर्धा तास जास्त लागतो. पण जे कमी-जास्त आहे ते मुलांना दिसले पाहिजे आणि का आहे ते विचारता आले पाहिजे. झाकून केलेली वाटणी, मग ती कितीही मायेची असो, मुलांच्या मनात संशय पेरते. हे मला तत्त्व म्हणून पटले होते. ते व्यवहारात आणायला मात्र मागच्या पावसाळ्यातली माझी एक मोठी चूक कारणीभूत झाली.

जुलैचा महिना होता. साताऱ्यात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. पत्र्याच्या खोलीत सहा दोऱ्या बांधूनही पाच गणवेश ओले राहतात आणि सकाळी इस्त्री फिरवून ते कसेबसे घालण्याजोगे करावे लागतात. बुटांत रात्री जुनी वर्तमानपत्रे कोंबून ठेवायची, म्हणजे कागद पाणी शोषून घेतो. हे काम मुले स्वतः करतात, पण त्या रात्री पुतण्याला ताप होता म्हणून त्याचे बूट मी घेतले. आत हात घातला तर पुढच्या टोकाला अस्तर फाटून नुसती शिवण राहिली होती. बूट चार नंबरचे होते. मी त्याच्या अंथरुणाजवळ जाऊन पांघरूण बाजूला केले आणि पाय पाहिला. उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले होते, करंगळीवर घट्टा होता.

"कधीपासून टोचतो बूट?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"दादाला आत्ताच घेतलेत ना."

तो इतक्या सहजपणे बोलला, की मला तिथेच खाली बसावे लागले. मुलाने महिनाभर मनात हिशेब करून ठरवले होते, की या घरात जूनमध्ये एक बूट घेतला गेला आहे, आता दुसरा मागायचा नाही. मी हिशेबाची नोकरी करते, रोज दुसऱ्यांची खाती तपासते, आणि माझ्याच घरात एक मूल आपले खाते मनातल्या मनात चालवत होते याचा मला पत्ता नव्हता. मधल्याचे जुने शर्ट त्याला देताना मी नेहमी पाहत असे, की बटण तुटलेले नाही ना, कॉलर विटलेली नाही ना. तो ते मुकाट्याने घेतो याचा अर्थ त्याला आवडतात असा मी लावला होता.

दुसऱ्या दिवशी बूट आणले, पाच नंबरचे, बोटभर जागा ठेवून. ताप उतरल्यावर त्या आठवड्यात मी घरखर्चाची वही त्याच्यापुढे ठेवली. जाड पुठ्ठ्याची लांब वही आहे, त्यात प्रत्येक मुलाचे पान असते. तोवर ती आम्हा दोघांशिवाय कोणी पाहिली नव्हती. थोरलीच्या पानावर क्लासच्या फीचा हप्ता होता, मधल्याच्या पानावर चष्मा आणि बूट, जुळ्यांच्या पानावर दातांचे डॉक्टर. त्याच्या पानावर रेनकोट, वह्या आणि शाळेची प्रवेश फी एवढ्याच नोंदी होत्या. तो बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचत गेला. मी म्हटले, "तुझ्या पानावर जागा शिल्लक आहे. जागा भरायची म्हणून मागायचं नाही, पण टोचत असेल तर थांबायचंही नाही." त्याने मान हलवली, आणि मग खाली पाहत विचारले, "आणि सरकारचे पैसे?"

एका कार्यक्रमात कोणीतरी त्याच्या देखत म्हणाले होते, की या पोरांचे पैसे येतात, मग सांभाळायला काय जाते. हे वाक्य तो कित्येक महिने मनात घेऊन फिरत होता. मी निळी वही काढली. त्या वहीत त्या तिघांचा पैसा वेगळा लिहिलेला आहे. दोन्ही पालक करोनाने गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजनेतून वयाच्या २३व्या वर्षी १० लाख रुपये मिळतील. बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, २०२३ पर्यंत ते १,१०० होते. बालसंगोपनाचा पैसा संगोपनासाठीच असतो आणि तो घरखर्चाला वापरणाऱ्या आजी-आजोबांत किंवा मामा-मावशीत मला काहीही वावगे वाटत नाही; पुष्कळ घरांत त्याच पैशावर चूल पेटते. आमची मिळकत पुरते म्हणून आम्ही तो तिघांच्या नावे आवर्त ठेवीत टाकतो, एवढेच. मी त्याला पासबुके दाखवली, बाल कल्याण समितीचा आदेश दाखवला, शिधापत्रिकेवर खालच्या तीन ओळींत त्यांची नावे चढली आहेत ती दाखवली. त्याने सगळ्यात जास्त वेळ शिधापत्रिका हातात धरली.

तेव्हापासून दोन्ही वह्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असतात आणि कोणीही काढून पाहतो. निळी वही तिघांची आहे, ती पाहताना आमची दोघे विचारून हात लावतात. आम्हाला भीती होती, की मुले पैशापैशावरून भांडतील. पहिले पंधरा दिवस जुळ्यांनी खोडरबराचीही नोंद करायला लावली. मग त्यांचा उत्साह ओसरला. घडले ते वेगळेच. थोरलीने आपल्या क्लासचा आकडा पाहिला आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, की आता ती जुळ्यांचा अभ्यास घेत जाईल, म्हणजे आमचे काहीतरी वाचेल.

त्याला मी नकार दिला, आणि या बाबतीत माझे मत पक्के आहे. माझी आत्या सात भावंडांत थोरली होती. धाकटी भावंडे कडेवर घ्यायला घरी कोणी नव्हते म्हणून तिची शाळा चौथीत सुटली, आणि आयुष्यभर सगळ्यांनी तिचे कौतुक केले, की हिने भावंडांना आईसारखे वाढवले. मोठ्या कुटुंबाच्या गुणगानात या थोरल्या मुलींचे काय झाले ते कोणी सांगत नाही. आमच्या थोरलीने बहिणींच्या वेण्या घालाव्यात, त्यांच्याशी भांडावे, त्यांना गोष्टी सांगाव्यात. पण त्यांना जेवायला घालणे, अभ्यास घेणे, झोपवणे ही आमची कामे आहेत. दिवाळीनंतर पत्र्याची खोली पूर्णपणे तिची असते, कारण फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे; ओले कपडे आम्ही खाली जिन्यात वाळवतो आणि तेवढी गैरसोय सगळे सोसतात. मुलगे आपले डबे आणि जेवलेली ताटे धुतात, कपड्यांच्या घड्या करतात, पुतण्याला कुकर लावता येतो. ही कामे मुलगी म्हणून किंवा थोरली म्हणून कोणाच्या अंगावर पडलेली नाहीत, कालनिर्णयवर रंगाने वाटलेली आहेत.

वेळेची वाटणी मात्र वहीत लिहिता येत नाही, आणि तिथे आम्ही अजूनही कमी पडतो. आठ माणसांच्या घरात कोणीही कधी एकटे नसते. म्हणून एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल, तर ते सांगायला जागाच सापडत नाही. यावर यजमानांनी रविवारच्या भाजीचा मार्ग काढला. दर रविवारी सकाळी ते एकाच मुलाला स्कूटरवर मागे बसवून मंडईत नेतात. पाच मुले, म्हणून प्रत्येकाची पाळी पाचव्या रविवारी येते. ज्याची पाळी त्याने एक भाजी स्वतः निवडायची आणि ती सगळ्यांनी खायची. मधल्याने एकदा चार जुड्या अंबाडी आणली होती. येताना दोघे कुठेतरी चहा पितात आणि त्या चहाच्या वेळी काय बोलणे होते ते यजमान मला सगळे सांगत नाहीत. थोरलीला डॉक्टर व्हायचे नाही, तिला भूगोल शिकायचा आहे, हे त्या चहावरच कळले. माझी वेळ संध्याकाळची, पोळपाटाशी. भाकरी थापायला शिकायच्या निमित्ताने एक मूल माझ्याजवळ बसते आणि पिठात बोटे फिरवत, माझ्याकडे न पाहता बोलते. समोरासमोर बसवून विचारले तर मुले काही सांगत नाहीत.

बुटांच्या प्रकारानंतर वहीत एक नवी प्रथा आली आहे. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक मुलाने आपल्या पानावर पाऊल ठेवायचे आणि मी पेन्सिलने भोवती रेघ मारायची. मागच्या वेळची रेघ आणि या वेळची रेघ यांत अंतर दिसले, की बूट बदलायचे. मागायची गरजच पडत नाही. पुतण्याचे पाऊल एका वर्षात पानाबाहेर गेले, त्याची टाच आता शेजारच्या पानावर येते.

या जूनमध्ये जुळ्यांच्या पाळीला थोडा वेळ लागला. त्यांचे पान आतापर्यंत एकच होते, वर मी "जुळ्या" असे लिहिले होते. दोघींचे सगळे दोन-दोन आणि सारखेच आणले जाते, म्हणून मागच्या वेळी फक्त एकीचे पाऊल काढले होते. यंदा जिचे पाऊल मागे राहिले होते, तिने वहीवर पाय ठेवला आणि उचलायला तयार होईना. "माझं पान कुठं आहे?" असे तिने विचारले. मी वही उलटून मागचे एक कोरे पान काढले. तिने स्वतःच वर आपले नाव लिहिले, वेलांटी चुकली ती खोडून पुन्हा काढली, आणि पाय ठेवला. रेघ मारून झाल्यावर दोघींनी पाने शेजारी धरून पाहिली, तेव्हा तिचे पाऊल बहिणीच्या पावलापेक्षा करंगळीच्या नखाएवढे लांब निघाले. त्या दिवशी दोघींसाठी वेगवेगळ्या नंबरचे बूट आणले.